बोटं फाटू नयेत

लॅमिंग्टन रोडला मुर्तुझाभाई तीन डबे काउंटरवर मांडतात
आणि चौथा मागेच ठेवतात, माझा चेहरा बघून.
साडेसातशेची काडी, अंगठ्याएवढी.
अडीच हजारांचं निळं खोकं, पाच मिनिटांत तापतं.
आणि एक कार्ड, कॉम्प्युटरचं पोट उघडून आत बसवायचं;
त्याची किंमत ते तोंडाने सांगत नाहीत,
कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवतात.

"काय रेकॉर्ड करायचंय? मॅच? मालिका?"
दुपारचं बातमीपत्र, मी म्हणतो.
"बातम्या? शिळ्या बातम्या कोण बघतं, साहेब?"

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली,
बशीएवढ्या गोलात माझी बायको उभी असते,
एक वाजून पाच ते एक पंचवीस.
मंत्री, पूर, कांद्याचा भाव, सगळं तिच्या हातांतून जातं.

बघायचंय ते तिच्या वडिलांना.
शांताराम तोडणकर. जन्मापासून ऐकू येत नाही.
गिरगावातल्या छापखान्यात एकतीस वर्षं खिळे जुळवले,
अजून उलटं अक्षर सुलट्यापेक्षा भराभर वाचतात.
रोज जेवण अर्धं टाकून टीव्हीपुढे बसतात
लेकीचं प्रूफ तपासायला,
आणि रोज चिडतात,
चूक दिसेपर्यंत ओळ पुढे गेलेली असते.
मला खुणा धड येत नाहीत, म्हणून वहीत लिहून दिलं:
थांबवता येईल असं यंत्र आण.

मुर्तुझाभाई काडी जोडतात.
"आवाज ऐका. ओठ आधी, शब्द मागून,
असली भानगड नाही ह्यात."
आवाज नकोय मला.
ते असे बघतात, जणू मी म्हणालो
इडली राहू दे, नुसतं केळीचं पान द्या.

बोटं दाखवा, मी म्हणतो.
काडीतून हात हलला की कडा फाटतात,
प्रत्येक बोटाला फणीचे दात फुटतात,
एका क्षणाचे दोन अर्धे एकमेकांत घुसलेले.
व्यासपीठावरच्या मंत्र्याला मात्र काही होत नाही,
तो हलतच नाही.
निळ्या खोक्यात दात नाहीत, पण सगळं पुसट,
वृषालीने हातमोजे घालून बातम्या दिल्यासारखं.

"मग एचडीएमआय लावू. चकाचक."
लावली. काळा पडदा.
सेट टॉप बॉक्स त्या तारेतून चित्र कुलूप घालून पाठवतो.
किल्ली विचारली तर मुर्तुझाभाई
छताच्या पंख्याकडे बघायला लागले.
राहिली ती जुनी पिवळी तार,
जिला कुलूप लावायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पिवळ्या तारेवर कार्ड.
तिथे अंगठा अंगठाच राहिला, करंगळी करंगळी.
कॅल्क्युलेटर पुन्हा फिरला.
मी मागचा चौथा डबा विचारला.
"तेच कार्ड. वापरलेलं. लग्नाच्या कॅसेटी उतरवणाऱ्याचं.
पट्टी वाकलीय, स्क्रू मिळणार नाही.
चालत मात्र आहे."

रविवारी कॅबिनेट उघडलं.
आप्पांनी खिळे उचलायचा चिमटा काढला ट्रंकेतून,
मिक्सरच्या बुडाचा एक स्क्रू त्यात धरून
पहिल्याच फटक्यात बसवला.
माझी टॉर्च त्यांना अडचण होत होती.

सोमवारी, एक वाजून अकरा मिनिटांच्या जागी,
त्यांनी बटण दाबलं.
वृषालीचा उजवा हात छातीपाशी अधांतरी.
'पाणी' म्हणून झालेलं,
'कपात' अजून यायची.
चष्मा कपाळावर ढकलून,
नाक काचेला लागेपर्यंत ते पुढे झुकले.
मी पेन्सिल दिली. बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग:
नखं कापायला सांग.
आणि खाली, लहान अक्षरांत:
पान छापायला हरकत नाही.

सात वाजता ती आली.
पडद्यावर हात तसाच अडकलेला,
आप्पा खुर्चीत झोपलेले.
तिने पिशवी खाली ठेवली,
पडद्याकडे बघितलं,
आणि उभ्या उभ्या
शब्द पुरा केला.